अनुभव धागा: निघालो उन्हात, परतलो गारठ्यात – शरदातली सायकल

शरदातली सायकलफेरी ज्यांना जिवाभावाची वाटते त्यांच्यासाठी हा धागा. निघताना ऊन, मध्येच भुरभुर, परतताना बोचरा वारा, असा दिवस वाट्याला आला असेल तर सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

डोंगर चढून पलीकडे उतरायचं, एवढाच बेत होता. चढावर घामाची धार लागली, म्हणून विंडचीटर काढून कॅरिअरला बांधला. माथ्यावर पोचेपर्यंत सूर्य ढगात गेला. दर हजार मीटर चढलं की हवा सुमारे साडेसहा अंशांनी गार होते, हे ठाऊक होतं. पण मला गाठलं ते उतारानं. चढताना अंग तापतं आणि वेग कमी असल्यानं वारा लागत नाही. उतरताना पाय थांबतात, वेग वाढतो, आणि घामानं भिजलेला सुती टीशर्ट पाठीला गारेगार चिकटतो. हवा ५ अंशांची आणि वेग ताशी २५ किलोमीटर असला, तर उघड्या कातडीला ती जवळपास शून्य अंशासारखी लागते. अर्ध्या उतारावर बोटं इतकी बधिरली की ब्रेक किती दाबला गेलाय तेच कळेना. उतरले, हात काखेत घालून दहा मिनिटं उभी राहिले. आता विंडचीटर माथ्यावरच चढवते, अंग गरम असतानाच.

---

काखेत हात घालून मीही उभा राहिलोय!

माझी आठवण ओल्या पानांची. सर येऊन गेली होती, वळणावर पिवळ्या पानांचा सडा. इतकं सुंदर दिसत होतं की वेग कमी करायचं सुचलंच नाही. वळता वळता ब्रेक दाबला आणि पुढचं चाक सटकलं. कोपर सोललं, बाकी काही नाही. ब्रेक लावायचा तो वळणाआधी, सायकल सरळ असताना; पानांवरून हँडल स्थिर ठेवून नुसतं जाऊ द्यायचं. आणि ज्यांचे ब्रेक रिमवर लागतात त्यांनी एक करावं: रिम ओली असली की पहिले काही फेरे ब्रेक धरतच नाही, म्हणून उतार लागण्याआधी हलकेच दाबून पाणी पुसून घ्यावं.

---

वाऱ्याचं कुणी लिहिलं नाही अजून. शरदात तो दुपारून जोर धरतो, हे मी फार उशिरा शिकले. ताशी २० नं जाताना समोरून १५ चा वारा आला की छातीवर ३५ चा आदळतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडी जाते, येताना तो पाठीशी घेते. दमलेल्या पायांना त्याच्यासारखा सोबती नाही.

---

वय ६४. रोज पहाटे निघतो. या दिवसांत सखल भागात रात्रीची थंड हवा साचून राहते, तिथे धुकं. चार वळणं वर चढलं की लख्ख ऊन. त्या सीमेवर रोज थांबतो. मागचा लाल दिवा मात्र ऊन असलं तरी चालूच ठेवतो, कारण सूर्य खाली असतो आणि मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

---

धागाकर्ती: रिम पुसायची युक्ती आज पावसात करून पाहिली. तिसऱ्या दाबाला ब्रेक धरला. खूप आभार! काका, ती धुक्याची सीमा उद्या मीही शोधणार आहे.