विषय: आईच्या नावाच्या सायकली आणि आपला दिवाळी निधी

नमस्कार मंडळी,

आपल्या न्यू जर्सीतल्या मंडळाच्या यंदाच्या दिवाळी निधीसाठी समितीने महाराष्ट्रातली जी संस्था सुचवली आहे, तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. बैठकीला आलेल्यांना संस्था माहीत आहे, म्हणून इथे नाव घेत नाही.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळा सातवीपर्यंत, पुढचं हायस्कूल सहा किलोमीटरवर. दर जूनमध्ये ती सातवी पास झालेल्या मुलींच्या घरी जायची आणि दर जूनमध्ये तीन-चार घरांतून तेच ऐकून यायची: "बाई, एवढ्या लांब पोरीला एकटी कशी धाडू?" रात्री जेवताना ती त्या मुलींची नावं घ्यायची. आम्हा भावंडांना ती नावं पाठ झाली होती.

ती गेल्यावर भावाने आणि मी ठरवलं की तिच्यासाठी करायचं तर हेच. २०२३ मध्ये आम्ही त्या संस्थेला ४,००० डॉलर पाठवले. तिथल्या दुकानदाराकडून भाव काढला होता, साधारण ६० सायकली होत होत्या. ईमेलमध्ये दोनच गोष्टी लिहिल्या: आठवीत जाणाऱ्या मुलींसाठी सायकली घ्या, आणि आईच्या नावाची पाटी कुठेही लावू नका. "आपली भावना पोहोचली, आभारी आहोत" असं उत्तरही आलं.

मागच्या महिन्यात माझी मावसबहीण तिकडे गेली होती. तिने फोटो पाठवला. संस्थेच्या नव्या सभागृहाच्या दाराशी काळा ग्रॅनाइट, त्यावर सोनेरी अक्षरांत आईचं नाव. सायकल एकही घेतलेली नाही.

सचिवांना फोन केला. ते अगदी गोड बोलले. "ताई, सभागृहाचं काम अडलं होतं. सायकली आता सरकारच देतं. आणि आईंचं नाव कायमचं राहिलं की!" फोन ठेवल्यावर मी किती वेळ स्वयंपाकघरात तशीच उभी होते, मला आठवत नाही.

आई दर दिवाळीत महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या स्त्रीशिक्षण संस्थेसाठी भाऊबीज निधी गोळा करायची. हातात पावतीपुस्तक घेऊन घरोघर. एकदा एका आजींचे अकरा रुपये चुकून शेजारणीच्या पावतीवर लागले, तर दिवस मावळला असतानाही ती परत गेली आणि पावती बदलून आली. अशा बाईच्या नावाने हे झालं आहे.

माझी समितीला विनंती आहे, संस्थेकडून लेखी खुलासा येईपर्यंत आपला चेक पाठवू नका.

– माधुरी

---

माधुरी,

वाचून फार वाईट वाटलं. तुझ्या आईंना मी एकदाच भेटलो होतो, पण लक्षात राहिल्या आहेत.

तरी दुसरी बाजू मांडतो, रागावू नकोस. इकडे येण्यापूर्वी मी आमच्या गावच्या शाळेच्या मंडळावर नऊ वर्षं होतो. देणगी देणाऱ्याला काय द्यावंसं वाटतं? संगणक, सायकली, वह्या, फार तर एखादी खोली. गळकं छप्पर, विजेचं बिल, कारकुनाचा पगार यासाठी नऊ वर्षांत एकाही माणसाने आपणहून पैसे दिले नाहीत. प्रत्येक देणगीला अटीचं एक शेपूट, आणि मार्चअखेर आम्ही शिक्षकांना सांगायचो की पगार पुढच्या महिन्यात. तुझ्या संस्थेने पैसे खिशात घातलेले नाहीत. सभागृह मुलांच्याच कामी येईल. सायकलींचंही ते खोटं बोलत नाहीत, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. एसटीचा मोफत पासही आहे.

एका चुकीपायी आपण दिवाळी निधी अडवला, तर भोगणार कोण? तिथली मुलंच.

– वसंतकाका

---

काका,

रागावले नाही. छप्पर आणि पगाराचं तुम्ही लिहिलंत ते मला खरंच ठाऊक नव्हतं. पण तेच माझं म्हणणं आहे. "ताई, सायकली नकोत, सभागृह अडलंय" अशी दोन ओळींची ईमेल आली असती, तर कदाचित मी हो म्हटलं असतं. भावाशी बोलले असते, आम्ही दोघांनी ठरवलं असतं. दोन वर्षं मी दिवाळीच्या शुभेच्छा पाठवत होते, त्यांची उत्तरं येत होती, आणि त्या सगळ्या काळात ग्रॅनाइटवर अक्षरं कोरून झाली होती.

मानव विकासच्या सायकली निवडक तालुक्यांतच मिळतात. मावसबहिणीने हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना विचारलं, तो तालुका त्या यादीत नाही. आणि आईच्या गावाहून सकाळची एसटी शाळा भरून गेल्यावर पोचते. पास आहे, पण त्या पासावर बसायला वेळेवर गाडी नाही. यंदा सातवीनंतर पाच मुली घरी बसल्या.

पाटी नको असंही आम्ही स्पष्ट लिहिलं होतं. निदान ते एक तरी ऐकता आलं असतं, त्याला पैसे लागत नव्हते.

– माधुरी

---

माधुरीताई, वसंतकाका,

मी पुण्यात सात वर्षं सीए म्हणून ट्रस्टचे हिशेब तपासले आहेत, म्हणून लिहिते.

ताई, तुम्ही अमेरिकन नागरिक आहात, म्हणून तुमची देणगी भारतात विदेशी देणगी धरली जाते. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिली असती तर धरली गेली नसती. विदेशी देणगीला २०१० चा विदेशी योगदान नियमन कायदा लागू होतो, आणि त्याचं कलम ८ अगदी सरळ आहे: ज्या कारणासाठी देणगी आली, त्याच कारणासाठी ती खर्च करायची. म्हणजे हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. काकांनी कारकुनाच्या पगाराचं लिहिलं, त्यावर याच कायद्यात मर्यादा आहे. प्रशासकीय खर्च पूर्वी ५० टक्क्यांपर्यंत चालायचा, २०२० च्या दुरुस्तीने तो २० टक्क्यांवर आणला. त्याच दुरुस्तीने ही रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवायलाही बंदी घातली. छोट्या संस्थांची कोंडी खरी आहे, काका. पण सभागृह हा त्यावरचा मार्ग नव्हे.

संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ती धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीत येते. तक्रार तिथेही करता येते. मात्र आधी विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांना लेखी पत्र द्या, सचिवांना फोन नको. तुमची २०२३ ची ईमेल आणि त्यांचं "भावना पोहोचली" हे उत्तर सोबत जोडा. बहुतेकांकडे तेवढाही कागद नसतो, तुमच्याकडे तो आहे.

इथल्या, अमेरिकेतल्या कायद्याबद्दल मात्र फार आशा धरू नका. कनेक्टिकटमध्ये एका प्रतिष्ठानाने ब्रिजपोर्ट विद्यापीठाला वैद्यकीय क्षेत्राशी संबंधित शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांसाठी अडीच लाख डॉलरपर्यंत द्यायचं कबूल केलं होतं, आणि आलेले पैसे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मिळत होते. विद्यापीठाने नर्सिंगचा विभागच बंद केला आणि पैसे सर्वसाधारण खात्यात गेले असा दावा होता. १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, देणगीदाराने देताना तसा हक्क राखून ठेवलेला नव्हता, म्हणून त्याला दावाच लावता येत नाही. तो अधिकार राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलचा. शिष्यवृत्तीसाठी दिलेले पैसे, आणि देणाऱ्याला कोर्टाच्या दारात उभंही राहता आलं नाही. तो निकाल मी विद्यार्थिदशेत वाचला होता, आजही डोक्यातून जात नाही.

रॉबर्टसन कुटुंबाचं प्रकरण अनेकांनी इथे जर्सीत वर्तमानपत्रात वाचलं असेल. १९६१ मध्ये त्यांनी प्रिन्स्टनला ३.५ कोटी डॉलरचे शेअर दिले, सरकारी सेवेत जाणारे पदवीधर घडवण्यासाठी. २००२ मध्ये मुलं कोर्टात गेली, २००८ मध्ये तडजोड झाली. विद्यापीठाने त्यांचा सुमारे ४ कोटी डॉलरचा वकिलीखर्च भरला आणि आणखी ५ कोटी एका नव्या प्रतिष्ठानाला द्यायचं कबूल केलं. एवढं लढायची ताकद किती जणांकडे असते?

– शिल्पा

---

एक जुनी गोष्ट. सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर आपल्यातल्या बहुतेकांनी कुठे ना कुठे पैसे दिले होते. अमेरिकन रेड क्रॉसच्या लिबर्टी फंडात ५० कोटी डॉलरहून जास्त जमले, आणि त्यातला काही भाग पुढच्या आपत्तींसाठी ठेवायचा बेत बाहेर आला. लोक इतके खवळले की अध्यक्षांनी पद सोडलं आणि नोव्हेंबरात संस्थेने जाहीर केलं, सगळे पैसे हल्ल्यात होरपळलेल्यांसाठीच वापरू. तिथे कोणी पैसे खाल्ले नव्हते, काका, आणि पुढच्या आपत्तीची तयारी करणं वाईटही नव्हतं. लोकांनी मात्र त्या कुटुंबांसाठी दिले होते.

– संजय

---

शिल्पा, मनापासून आभार. पत्र लिहायला घेतलं आहे.

रात्री एक आठवलं. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले ते अटी घालूनच, आणि त्यातली एक होती विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव द्यायचं. एसएनडीटी हे नाव तिथून आलं. अण्णा कर्व्यांनी त्या अटी समोर बसून, मोजून-मापून मान्य केल्या. माझ्या आईच्या बाबतीत उलटं झालं. नाव नको म्हटलं तर नाव लागलं, आणि ज्यासाठी दिलं ते झालंच नाही.

पत्रात तीनच मागण्या आहेत. आईची पाटी काढा. ६० सायकलींचे पैसे कधी आणि कसे उभे कराल ते तारखेसह लिहा. आणि त्या पाच मुलींसाठी पहिल्या पाच सायकली जूनच्या आत.

काका, तुमची हरकत नसेल तर मसुदा आधी तुम्हाला पाठवते. संस्था चालवलेल्या माणसाच्या डोळ्याखालून गेला तर बरा.

– माधुरी

---

पाठव. आणि छपराबद्दल त्यांना माझ्या नावाने वेगळं विचार. ते खरंच गळत असेल, तर मी त्यासाठी देतो. कारण स्पष्ट लिहूनच देतो.

– वसंतकाका

---

मंडळी,

समितीच्या तिघांशी बोललो. चेक पाठवलेला नाही आणि सध्या पाठवणार नाही. भारतात थेट दिलेल्या देणगीवर इथे करसवलत नसते, म्हणून तुम्ही मंडळामार्फत देता. पण मग त्या पैशाचा निर्णय आणि जबाबदारी कायद्याने मंडळाचीच होते. ती आपण आजवर नीट पार पाडली नाही, हे मी मान्य करतो.

शिल्पा, पुढच्या चेकसोबत जायच्या पत्राचा मसुदा तू करशील का? रविवारच्या बैठकीत वाचू. कारण बदलायचं झालं तर आधी लेखी विचारा, ही ओळ पहिल्या परिच्छेदातच हवी.

– अमित, खजिनदार