औषध संगणकात सापडतं की फ्लास्कमध्ये?

भांडुपचा केमिस्ट

परवा गाडीत दोन मुलं बोलत होती, "आता एआय औषधं शोधतं, केमिस्ट लागणारच नाहीत." मी २२ वर्षं सिंथेसिसच्या, म्हणजे रेणू बनवायच्या लॅबमध्ये उभा आहे. तिथे गप्प बसलो, इथे बोलतो.

संगणक रेणू सुचवतो. रेणू म्हणजे औषध नव्हे. मागे एका प्रकल्पात सॉफ्टवेअरने पहिला नंबर दिलेला रेणू आम्ही नऊ पायऱ्यांनी बनवला. सातव्या पायरीला शुद्धता बघायची टीएलसी प्लेट यूव्ही दिव्याखाली धरली, तर एका ठिपक्याच्या जागी चार! ते वेगळे करायला कॉलमवर कॉलम लावले, रात्री द्रावक उडवणाऱ्या रोटाव्हॅपपाशी बसून काढल्या, तेव्हा कुठे चिमूटभर पांढरी पूड हाती आली. आणि ती पाण्यात विरघळेना. कुपी हलवली की धुकं, ठेवली की तळाशी गाळ. उंदराला दिली, तर रक्तात मागमूस नाही. ज्या प्रथिनावर घाव घालायचा त्याच्या खाचेत पडद्यावर चपखल बसणारा रेणू त्या खाचेपर्यंत पोचलाच नव्हता.

माणसांवरच्या चाचण्यांत उतरलेल्या दर १० रेणूंपैकी साधारण ९ गळतात. एक्ससायंशिया या कंपनीचा डीएसपी-११८१ हा रेणू आठवून बघा. २०२० मध्ये एआयच्या मदतीने घडवलेला, माणसांवर चाचणीला गेलेला पहिला रेणू म्हणून केवढा गाजावाजा झाला! वर्षभराच्या आत सापडला होता. पहिल्या टप्प्यानंतर तो निकषांत बसेना, म्हणून २०२२ मध्ये काम थांबलं. शोध लवकर लागला, पण रुग्णाच्या पदरात काय पडलं?

म्हणून पैसा असेल तर आधी विषारीपणा तपासायच्या सोयींवर, प्रयोगाचे उंदीर ठेवायच्या प्राणिघरांवर आणि बेंचवरच्या माणसांवर घाला. सॉफ्टवेअरचे परवाने नंतर.

आरती, विक्रोळी

दादा, मी पडद्यासमोर बसणाऱ्यांतली. तुमची कुपी खरी आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

पूर्वी एका प्रथिनाचा आकार काढायचा तर स्फटिक धरण्याची वाट बघत अख्खी पीएचडी सरायची. अल्फाफोल्ड या एआयने २०२२ पर्यंत २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या आकारांचे अंदाज सगळ्यांना फुकट खुले केले. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकरसोबत अल्फाफोल्ड घडवणाऱ्या हसाबिस आणि जंपर यांना मिळालं. काही अंदाज चुकतात, मान्य. पण आज मुंबईतली एमएस्सीची मुलगी घरच्या लॅपटॉपवर ते आकार फिरवून बघू शकते. ही लहान गोष्ट आहे का?

आणि डीएसपी-११८१ वरच का थांबलात? रेंटोसर्टिब बघा. फुफ्फुसं निबर करत नेणाऱ्या आयपीएफवरचं हे औषध. कुठल्या प्रथिनावर घाव घालायचा आणि कुठल्या रेणूने, दोन्ही एआयच्या मदतीने ठरलं. २०२५ मध्ये दुसऱ्या टप्प्याचा निकाल छापून आला : ७१ रुग्ण, १२ आठवडे. सर्वांत मोठा डोस घेणाऱ्या गटाची श्वासाची क्षमता सरासरी ९८ मिलिलिटरने वाढली, औषधाविना असलेल्यांची २० ने घटली.

प्राणिघरांचं म्हणाल, तर २०२३ मध्ये आपल्या देशाच्याच नियमांत बदल होऊन मानवी पेशींचे ऑर्गनॉइड (लॅबमध्ये वाढवलेले इवलेसे अवयव), चिपवरचे अवयव आणि संगणकी प्रारूपं यांना जागा मिळाली आहे. उंदराला बरं झालं म्हणजे माणसाला होतंच असं नाही, हे तुम्हीही जाणता.

भांडुपचा केमिस्ट

७१ माणसं आणि १२ आठवडे! तिसरा टप्पा पार पडू दे, मी स्वतः विक्रोळीला पेढे घेऊन येईन. तोवर 'एआयने औषध शोधलं' ही भाषा मला टोचते. तो रेणू कुणीतरी फ्लास्कमध्ये बनवलाच ना? त्याचं नाव कुणी घेत नाही.

सुनीता, गोवंडी

तुम्हा दोघांचं वाचून राहवलं नाही. मी औषध बनवत नाही, आमच्या घरात ते घेतलं गेलं.

माझ्या बहिणीला औषधांना दाद न देणारा टीबी झाला. तेव्हा कानामायसिनची इंजेक्शनं द्यायचे. एका सकाळी कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या आणि ती शेजारी उभी राहून पहिलीचीच वाट बघत होती. टीबी गेला, कान परत आले नाहीत.

मग मी बेडाक्विलीन या टीबीवरच्या गोळीबद्दल मिळेल ते वाचलं. ते ना प्रथिनाच्या आकारावरून सापडलं, ना कुणा संगणकाने सुचवलं. टीबीच्या जंतूच्या एका निरुपद्रवी भाऊबंदावर ढिगाने रेणू टाकून बघितले, कशाने तो मरतो ते पाहिलं. औषध नेमकं कुठे घाव घालतं हे मागून कळलं, त्याला पुरून उरलेल्या जंतूंची जनुकं वाचून. २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्यता मिळाली. तरी इथल्या वस्तीत ते पोचायला किती वर्षं! कंपनीला पेटंट लांबवायचं होतं. त्याविरुद्ध आपल्या मुंबईच्याच नंदिता वेंकटेशन, ज्यांचे कान याच इंजेक्शनांनी गेले, त्या उभ्या राहिल्या आणि २०२३ च्या मार्चमध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. आता बेडाक्विलीनसकट चार औषधांच्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स निघालाय, सुई न टोचता.

फ्लास्क की संगणक हे तुम्ही ठरवा. सापडल्यावर पुढे काय, त्यावर कुणीच बोलत नाही याचं मला वाईट वाटतं.

मुलुंडकर काका

सुनीताताई, ढिगाने तपासून बघायची ती पद्धत या शहराला नवी नाही. गोरेगावला सिबा या औषध कंपनीचं संशोधन केंद्र १९६३ मध्ये उघडलं. सिंटामिल हे नैराश्यावरचं औषध तिथलंच. आमच्या मुलुंडला होक्स्ट कंपनीत आपल्याकडच्या वनस्पतींचे अर्क एकामागून एक तपासले जात, त्यात माईनमुळाच्या जातीतून फोर्सकोलिन मिळालं. आजही जगभरच्या प्रयोगशाळा पेशींमधला सीएएमपी हा निरोप्या रेणू वाढवायला ते वापरतात. ती केंद्रं गेली, माणसं पांगली. आरतीबाई, तुमच्या संगणकाला शिकवायला लागणारी माहिती अशाच ठिकाणी जमत होती.

आरती, विक्रोळी

काका, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आमचं सॉफ्टवेअर शिकतं ते छापून आलेल्या यशांवर. केमिस्टदादांचा न विरघळलेला रेणू त्याने कधी पाहिलाच नाही, म्हणून तर तो पहिल्या नंबरावर आला. अशा फसलेल्या रेणूंच्या नोंदी कपाटांत पडून आहेत. दादा, त्या द्या. मग पुन्हा चुकलो तर खुशाल बोला.

भांडुपचा केमिस्ट

वह्या माझ्या हस्ताक्षरातल्या आहेत, पण मालकी कंपनीची. प्रकल्प बंद झाला की खोक्यात भरून गोदामात जातात. सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने २००८ मध्ये टीबीच्या औषधांसाठी सगळं खुलं ठेवायचा प्रयोग सुरू केला होता, तसं कुणी पुन्हा करणार असेल तर मी पहिला सही करीन. फसलेल्या कुप्यांची यादी माझ्या डोक्यात तरी आहे. दिवस कुठला, पाणी किती गरम केलं, तळाशी गाळ कितव्या मिनिटाला बसला, सगळं.

पण प्राणिघरांबद्दलचं माझं मत तेच आहे. त्यावर उद्या लिहितो, आत्ता रात्रपाळी आहे.