मदत हवी आहे : दुबईच्या शाळेची ऑफर, पगाराचं गणित जमेना

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला (यवतमाळ), विनाअनुदानित शाळेत आठ वर्षांपासून गणित शिकवतो. दुबईतल्या एका इंटरनॅशनल शाळेकडून महिना 7,500 दिरहमची ऑफर आली. मामा तर म्हणते, "सोयाबीनचं टेन्शन गेलं भाऊ तुयं!"

पण कागद नीट वाचला तर बेसिक फक्त 3,000, बाकी सारे भत्ते. तिथली ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) बेसिकवरच निघते ना, पहिल्या 5 वर्षांत दर वर्षाला 21 दिवसांची? म्हणजे भत्ते फुगवून फायदा शाळेचाच. पगारावर आयकर नाही हे खरं, पण घरभाडं माझ्याच खिशातून. ब्रिटिश शिक्षकांना त्याच शाळेत घर मिळते म्हणे. विमानाचं तिकीट वर्षाला एक, तेही माझ्यापुरतं. पोरीची फी अर्धी माफ, असं तोंडी सांगितलं. तोंडी बोलण्यावर आपण बैल बी घेत नाही.

वरून एजंट व्हिसाचे 80 हजार मागतो. तो खर्च तिथल्या कायद्यानं शाळेचा असतो ना?

तिथं कोणी शिकवत असेल तर सांगा: बेसिक वाढवून मागता येते का, अन् फीची सवलत करारात लिहून देतात का? बी.एड.च्या सर्टिफिकेटच्या अटेस्टेशनला (सरकारी साक्षांकनाला) किती दिवस लागले? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.