वैद्यकीय पदवी नसेल तर काय?

वैद्यकीय पदवी नसताना केवळ अर्थशास्त्राच्या बळावर आरोग्य धोरणाच्या संशोधनात स्थान मिळते का, या शंकेला माझे उत्तर होकारार्थी आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे दोघेही डॉक्टर नाहीत, तरीही त्यांचा व सहकाऱ्यांचा राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातील लसीकरणाचा अभ्यास २०१० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'सारख्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या अभ्यासातील १३४ गावांपैकी जिथे काहीच केले नाही तिथे जेमतेम ६ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झाले होते. जिथे दर महिन्याला न चुकता शिबिर भरवले तिथे ते १८ टक्क्यांवर गेले, आणि शिबिराबरोबर प्रत्येक लसीमागे किलोभर डाळ व लसीकरण पूर्ण झाल्यावर थाळ्यांचा संच दिला तिथे ३९ टक्क्यांवर पोहोचले. डाळ वाटूनही पूर्ण लसीकरण झालेल्या प्रत्येक मुलामागचा खर्च निव्वळ शिबिरांच्या जवळजवळ निम्माच आला, कारण परिचारिकेचा दिवसाचा पगार तेवढाच राहिला आणि मुले वाढली. पालकांचा लसीला विरोध नसून 'आज नको, पुढच्या महिन्यात बघू' ही चालढकल आडवी येत असावी, हा त्यामागचा, माणसे प्रत्यक्षात कशी वागतात यावर बेतलेला तर्क मला पटतो.

अशा कामासाठी संख्याशास्त्र आणि साथरोगशास्त्र पक्के हवे. मात्र गावोगाव हिंडून नोंदी तपासण्याची चिकाटी नसेल, तर या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.