मदत हवी आहे: खुंटांच्या फुटव्यांतून झाडं वाढवण्याचं प्रशिक्षण, नेमकं काय शिकवायचं?

भांडुप_पश्चिम
पुढच्या शनिवारी ३० शेतकऱ्यांचं प्रशिक्षण आहे. डोंगर उघडा पडलाय, माती वाहून जाते. नवीन रोपं लावायची नाहीत, तोडलेल्या खुंटांना जे फुटवे येतात तेच वाढवायचे, हे ठरलंय. एका खुंटावर किती फुटवे ठेवायचे, किती उंचीपर्यंत छाटायचं आणि कधी, एवढंच सांगा. पत्रक उद्या छापायला द्यायचंय. रोपवाटिकांचे पत्ते नकोत.

सह्यकडा
जागा कुठली? झाडं कुठली? जमीन मालकीची, वनपट्ट्याची (वनहक्क कायद्याने मिळालेली) की वनखात्याची? याशिवाय आकडा सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

भांडुप_पश्चिम
शहापूर तालुका. झाडं तिथे असतात तीच. बाकीचं नंतर बघू, आधी आकडा द्या.

हिरवी_दादर
मियावाकी करा! चौरस मीटरला ३ ते ५ रोपं, भरपूर सेंद्रिय खत, दोन-तीन वर्षांत दाट जंगल. मुंबईत महापालिकेने किती ठिकाणी केलंय.

सह्यकडा
@हिरवी_दादर, चौरस मीटरला ३ धरली तरी एकरी १२ हजार रोपं होतात, वर दोन-तीन वर्षं पाणी. मुंबईतल्या भूखंडाला टँकर येतो, शहापूरच्या वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) उतारावर उन्हाळ्यात माणसांना प्यायला पाणी नसतं. आणि धागाकर्त्याने रोपं नकोत असं स्पष्ट लिहिलंय.

कोयता_आणि_दोर
शहापूरची वरकस म्हणजे बहुतेक साग, ऐन, किंजळ, धावडा, कुंभा, पळस, मधूनमधून खैर आणि मोह. हे धरून लिहितो.

फुटवे: पहिल्या वर्षी खुंटाला ४-५ ठेवा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी २ वर आणा. वासा हवा असेल तर शेवटी एकच. सरपण आणि पाला हवा असेल तर ४ राहू द्या. सुरुवातीला जास्त ठेवायचे कारण एखादा शेळी खाते, एखादा वणव्यात जातो.

कुठला निवडायचा हे संख्येपेक्षा महत्त्वाचं आहे. जमिनीलगत फुटलेला, सरळ आणि जाड तो ठेवा. खुंटाच्या वरच्या कडेवर फुटलेला कितीही जोमदार दिसला तरी काढा. तो सालीलाच धरून असतो, खालचा खुंट कुजला की वाऱ्याने फाटून पडतो. आणि ठेवलेले फुटवे एकाच बाजूला नसावेत.

छाटणी: ठेवलेल्या फुटव्याच्या खालच्या अर्ध्या उंचीपर्यंतच्या बाजूच्या फांद्या काढा, वरच्या अर्ध्याला हात लावू नका. घाव खालून वर आणि तिरका. वरून खाली मारला की साल सोलून निघते, खुंटही चिरतो. कोयता बोथट असेल तर काम थांबवून आधी धार लावा.

रान_पाखरू
वरच्या प्रतिसादाला +१. पण हे सगळं डिसेंबरात करायला लावू नका. भात झोडून झालं की गुरं मोकाट सुटतात. आत्ता तोडलं तर येणारी कोवळी फूट थेट शेळ्यांच्या तोंडी. फेब्रुवारी अखेरीनंतरच.

कोयता_आणि_दोर
प्रशिक्षण डिसेंबरातच हवं. पानगळीआधी झाड ओळखता येतं, शेतकऱ्यांना वेळ असतो. मे महिन्यात कोण येणार?

रान_पाखरू
शिकवा डिसेंबरात, तोडा नंतर. प्रत्येकाने दोन खुंटांवर सराव करावा, बाकीच्या खुंटांवर ठेवायच्या फुटव्यांना नुसती सुतळी बांधून यावी.

मुरबाड_वाट
राबाचं कोणीच का बोलत नाही? तिथला शेतकरी जानेवारी ते मार्च ऐन-किंजळाचे टाहाळे तोडतोच, भाताच्या रोपांच्या जागी जाळायला. म्हणजे छाटणीचा हात त्याला आहे. वेगळा मुहूर्त काढू नका, याच कामात फुटव्यांची निवड बसवा. काढलेले फुटवे राबाला वापरता येतात. सांगायचं एवढंच की शेंडा ठेवा. आत्ता शेंड्यापर्यंत झाड सोलतात, नुसता खांब उरतो. वरचा तिसरा भाग राखला आणि एकाच झाडाला दरवर्षी न तोडता वर्षाआड तोडलं, तर झाड वाढतं आणि पालाही मिळत राहतो.

काजूवाला_बोरिवली
काजू लावा. वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ ची कलमं, ७ बाय ७ मीटर, हेक्टरी २०० च्या आसपास बसतात. उत्पन्नाशिवाय शेतकरी ऐकत नाही.

सह्यकडा
धागा भरकटतोय. मात्र उत्पन्नाचा मुद्दा बरोबर आहे, पत्रकात पहिल्या वर्षापासून सरपण आणि पाला, पुढे वासे असं लिहाच.

अवांतर: राब कमी करायचा तर पर्याय द्यावा लागेल. राब तणाचं बी मारायला आणि जमीन भुसभुशीत करायला असतो. त्याऐवजी गादीवाफा आणि हाताने निंदणी. चिखलणीत गाडायला बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, हिरवळीच्या खताचं झाड) लावा, जूनमध्ये मीटरभर लांबीचे दांडे खोचले तरी जगतात.

भांडुप_पश्चिम
गिरिपुष्प, काजू काहीच विचारलं नव्हतं. एकरी किती झाडं ठेवायची ते सांगा. जमीन काही मालकीची, काही वनपट्टे.

सह्यकडा
हे पहिल्याच प्रश्नात हवं होतं. साग, ऐन, किंजळ, खैर, मोह ही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमातली अनुसूचित झाडं आहेत. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीला १९६९ चा वेगळा कायदा. फुटवे विरळ करायच्या आधी वनरक्षक आणि वनपालांना प्रशिक्षणालाच बोलवा, आणि काय करणार ते लेखी द्या. नाहीतर पहिल्या वर्षी शेतकरी फुटवे राखेल आणि वासे झाल्यावर तोडायला घाबरेल. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात, मराडी भागात १९८० च्या दशकात टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाने हीच फुटवे राखायची पद्धत रुजवली आणि ती देशात सुमारे ५० लाख हेक्टरवर पसरली. झाड सरकारचं असं मानलं जायचं तोवर शेतकरी ते राखत नव्हता, फायदा आपला होणार हे दिसल्यावर राखायला लागला.

रान_पाखरू
नायजरचे आकडे मात्र इथे उचलू नका. तिथे पाऊस फार कमी, इथे अडीच हजार मिलिमीटरच्या वर. इथे फुटवा लवकर वाढतो, पण रानमोडी आणि घाणेरी ही तणंही वाढतात. पावसाळ्यात एकदा आणि ऑक्टोबरात एकदा खुंटाभोवती हातभर जागा मोकळी केली नाही तर फुटवा दबून मरतो.

कोयता_आणि_दोर
एकरी संख्या: नाचणी-वरईच्या उतारावर बांध आणि कडेला ठेवा, आत विरळ, एकरी १५-२०, नाहीतर सावलीने पीक मार खातं. पीक न घेणाऱ्या उतारावर जगतील तेवढे खुंट राखा. आधी मोजायला लावा: दोराने २० बाय २० मीटरचा चौकोन आखायचा, आतले जिवंत खुंट मोजायचे आणि दहाने गुणायचे. जवळजवळ एकरी आकडा मिळतो. "इथे झाडच नाही" म्हणणारा स्वतः मोजतो तेव्हा त्याला पटतं, भाषणाने पटत नाही.

मुरबाड_वाट
वणव्याचं राहिलं. गवत कापून झाल्यावर उरलेलं पेटवतात, राबाची आगही वर चढते. डिसेंबर संपायच्या आत उताराच्या वरच्या आणि खालच्या अंगाला ३ मीटरची जाळरेषा (वणवा अडवायला गवत आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा), वारा पडल्यावर संध्याकाळी, पाण्याचे हंडे आणि ओल्या फांद्या घेऊन माणसं उभी करून. वनजमीन लागून असेल तर वनखात्याला विचारूनच. पाडा मिळून चराईबंदी आणि जाळरेषेची पाळी ठरवत नाही तोवर एकट्याने फुटवे राखून उपयोग नाही. म्हणून गुराख्यांना आणि सरपण आणणाऱ्या बायकांना बोलवा, फक्त सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषांना नको.

भांडुप_पश्चिम
यादीत फक्त पुरुषच आहेत, उद्या फोन करून बदलतो. कोयते आमच्याकडून न्यायचे की त्यांचेच?

कोयता_आणि_दोर
त्यांचेच. तुम्ही धार लावायचे दगड, सुतळी आणि २० मीटरचे चार दोर न्या.

हिरवी_दादर
खुंटांमधल्या मोकळ्या जागेत तरी मियावाकीचा एखादा पट्टा...?