मदत हवी आहे: हार्नेस रेसिंग बाबांना कशी समजावू?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत राहतो. ऑगस्टमध्ये बाबांना इथल्या मेडोलँड्स रेसकोर्सवर हॅम्बल्टोनियन दाखवायची आहे. ही हार्नेस रेसिंगची, म्हणजे गाडीला जुंपलेल्या घोड्यांची शर्यत. १९२६पासूनची, तीन वर्षांच्या ट्रॉटर घोड्यांची एक मैलाची शर्यत. बाबा सांगलीकडचे, घोडागाडीच्या शर्यती बघत वाढलेले, त्यामुळे सल्की म्हणजे दोन चाकांची हलकी गाडी हे लगेच पटलं. पण चौखूर उधळायचं नाही, हे काही पचेना! ट्रॉटर पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय जोडीने टाकतो, तर पेसर हा दुसऱ्या चालीचा घोडा एकाच बाजूचे दोन्ही. परवा व्हिडिओत पुढे असलेल्या घोड्याने चाल मोडली, म्हणजे तो चौखूर उधळला, चालकाने लगाम खेचला आणि घोडा पार मागे पडला. बाबा फार हळहळले.

चाल मोडलेला घोडा नेमका कधी बाद धरतात? घोडे जुंपताना जवळून बघता येतात का? कुणी गेलं असेल तर जरूर सांगा.