बडोदा: मूळ वेतन जास्त लागलं, वसुली कशी करावी? मदत हवी आहे

मंडळी, मकरपुरा जीआयडीसीतल्या (गुजरातची औद्योगिक वसाहत) एका युनिटच्या पगारपत्रकात चूक झाली आहे. एका ऑपरेटरचं मूळ वेतन १८,००० ऐवजी २०,००० चढलं, एप्रिल ते ऑगस्ट, पाच महिने. चूक पूर्णपणे मालकाकडची. माणसाने काही लपवलेलं नाही.

पीएफ पूर्ण मूळ वेतनावर कापतात. म्हणजे दरमहा २,००० जादा, त्यातून २४० पीएफला गेले, हातात १,७६० पडले. पाच महिन्यांचे ८,८००. माझ्या मते वसुली या ८,८०० ची व्हावी, १०,००० ची नव्हे. जे हातात आलंच नाही ते त्याच्याकडून कसं मागायचं? लेखी हिशेब देऊन, सही घेऊन २,२०० चे चार हप्ते करायचा विचार आहे. एकूण कपात पगाराच्या ५० टक्क्यांच्या आतच राहते. घरभाडं भरणाऱ्या माणसाकडून एकरकमी घेऊ नये.

पुढच्या महिन्यांचं मूळ वेतनच कमी दाखवायचं नाही, हे नक्की. त्याने पीएफ, बोनस, रजेचा हिशेब सगळंच बिघडतं. वसुलीची ओळ वेगळीच हवी. आर्थिक वर्ष तेच असल्याने टीडीएस उरलेल्या महिन्यांत जुळेल.

अडलंय ते पीएफपाशी. पाच महिन्यांत कामगाराचे जादा १,२०० आणि मालकाचे जादा १,२०० खात्यात जमा झाले आहेत. वेतन १५,००० च्या वर असल्याने मालकाच्या भरण्यातला पेन्शनचा हिस्सा दरमहा १,२५० च राहिला, फरक सगळा भविष्य निधीत गेला. ही रक्कम तिथेच राहू द्यावी, की भरलेले ईसीआर (पीएफची मासिक ऑनलाइन विवरणपत्रं) दुरुस्त करावेत? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर क्रम सांगा.